पांढऱ्या दोऱ्याची दहा करडं

परभणी,
बुधवार, ९ जुलै

तीर्थरूप दैवशाला मावशीस,

दीपिकाचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरं म्हणजे टेबलावर डोकं टेकूनच लिहायला बसलेय, त्यामुळं नमस्कार आपोआप झालाय. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस का, की बाटली नुसती फळीवर ठेवून तिच्याकडं बघतेस? तुझ्या सासूबाईंचा, म्हणजे आपल्या नर्मदाबाई आजींचा खोकला गेला का? तुझ्या कारभाऱ्यांना, येडबाकाकांना माझा नमस्कार सांग, पण कोरडा सांग. मी रागावलेय हे त्यांना कळलं पाहिजे. तुझ्यावरही रागावलेय, पण तुझा गुडघा दुखतोय म्हणून आधी विचारपूस केली. माझी तब्येत बरी आहे. जेवते, झोपते, पण अंगात काही राहिलेलं नाही. लय बेजार झालेय मावशी.

पत्र का लिहिलं असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. हॅलो म्हणलं की जेवलीस का, जेवले म्हणलं की काय जेवलीस, पिठलं म्हणलं की कुणी केलं, आणि मेसच्या बाईनं केलं म्हणलं की तिच्या हाताला चव नसणार हे तू पेडगावात बसून ओळखतेस. मग पिठल्यात लसूण किती घालायचा ते सांगतेस, आणि तेवढ्यात शेळ्या कुणाच्या तरी तुरीत घुसतात आणि तू फोन ठेवतेस. पत्रात असं मधेच बोलता येत नाही. म्हणून शेवटपर्यंत वाच. शेतातल्या आखाड्यावर गोठ्याच्या सावलीला बसून वाच, आणि तिघांना मिळून ऐकू दे. कारण जे झालंय ते तुम्हा तिघांनाही अर्धंअर्धंच माहीत आहे.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे नंतर आम्हाला काय ठावं असं कुणी म्हणायला नको. एम.एस्सी.ला प्रबंध लिहावा लागतो, आणि प्रबंधाला आधी प्रश्न लागतो. मला वाटलं होतं प्रश्न काय, दिवसाला पन्नास पडतात. मी पहिला प्रश्न घेऊन महारुद्र सरांकडं गेले (हे माझे मार्गदर्शक, माणूस भला आहे, पण लाल पेन खिशात नसेल तर त्यांना अंगात सदरा नसल्यासारखं होतं). प्रश्न होता, शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबांची प्रगती कशी होईल? सरांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले हा प्रश्न नाही, हे भाषण आहे. आठवड्यानं दुसरा नेला, शेळीपालन फायद्याचं आहे का? तर कुणाच्या फायद्याचं, कधी, आणि कशाच्या मानानं? मी म्हणलं शेळीच्या तर नसणारच. सर हसले नाहीत. तिसरा नेला, शेवग्याचा पाला करडांना चांगला असतो का? तर म्हणाले चांगला म्हणजे किती किलो?

मावशी, किती किलो या दोन शब्दांनी माझा मागचा अख्खा पावसाळा खाल्ला. जे मोजता येत नाही ते विचारायचं नाही, आणि जे विचारायचं ते इतकं नेमकं विचारायचं की उत्तर आलं तर ते त्याच प्रश्नाचं आहे हे आंधळ्यालाही कळावं. सात वेळा खोडून आठव्या वेळी प्रश्न असा झाला: चार महिन्यांच्या उस्मानाबादी करडांना चराईच्या जोडीला रोज दोनशे ग्रॅम वाळवलेला शेवग्याचा पाला बारा आठवडे दिला, तर नुसत्या चराईवरच्या करडांच्या तुलनेत त्यांच्या वजनात किती फरक पडतो? हा मी तुमच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवला होता. तेव्हा येडबाकाका बिडी विझवून म्हणाले होते, "इतकं लांब इचारल्यावर करडू तरी काय सांगंल?" मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

प्रश्नानंतर गृहीतक. म्हणजे उत्तर काय येईल याचा आधीच केलेला अंदाज, लेखी. मी उत्साहानं लिहिलं की पाल्यानं वजन वाढतं. सर म्हणाले हे तर लिहीच, पण याच्या जोडीला शून्य गृहीतकही लिही, म्हणजे काहीच फरक पडत नाही असं. आणि मग आकड्यांनी ते पाडून दाखव. जे खोटं ठरावं असं आपल्याला वाटतं तेच आधी शाईनं लिहायचं, हे मला पटायला आठ दिवस लागले, तुला तर पटलंच नाही. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, वंगाळ आधी बोलूच नये, खरं व्हतं. मी तुला पंधरा मिनिटं शास्त्र समजावून सांगितलं. तू ऐकलंस, मान हलवलीस आणि तव्यावरची भाकरी उलटून म्हणालीस, "तरी बी लिहू नगं." (ऐकायला पाहिजे होतं का काय कोण जाणे. नाही, नको, असा विचार मनात आला तरी सरांना बाहेर बसून कळतं.)

मग चल, म्हणजे प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टी. ज्याच्यावर आपला हात चालतो तो स्वतंत्र चल. आपल्या प्रयोगात पाला. त्याच्यामुळं जो हलतो तो आश्रित चल. आपल्या प्रयोगात वजन. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू लगेच घरावर लावलंस: आजी स्वतंत्र, तू आश्रित, आणि काका कशातच धरायचे नाहीत. तिथपर्यंत ठीक होतं. पण तिसरी जात असते ती फार वाईट. पाल्याशिवाय ज्याच्या ज्याच्यामुळं वजन कमीजास्त होऊ शकतं ते सगळं दोन्ही गटांना सारखं ठेवायचं, नाहीतर फरक कशानं पडला हे कळत नाही. मी यादी केली. वय, जात, नर का मादी, एकटं जन्मलेलं का जुळं, जंताचं औषध, पाणी, सावली, चरायचं रान, चरायचे तास, वजन करायची वेळ. कुत्र्यानं पळवलं तर दोन्ही गटांना सारखंच पळवावं इथपर्यंत लिहिलं. चौदा चल झाले. सरांनी विचारलं, काही सुटलं का? मी छातीठोकपणे म्हणलं काहीच नाही. त्यांनी पहिल्यांदाच निळ्या पेनानं सही केली.

तर मार्चमध्ये तुमच्या आखाड्यावर वीस करडं निवडली, चिठ्ठ्या टाकून दहा-दहाचे दोन गट केले (चिठ्ठ्या आजींनी उचलल्या आणि प्रत्येक चिठ्ठी कपाळाला लावली). लाल दोरा गळ्यात असलेल्यांना पाला, पांढरा दोरा असलेल्यांना नाही. मधे जाळी. दर सोमवारी मी परभणीहून यायचे, एकेकाला टांगत्या काट्याला लावायचे, वजन वहीत लिहायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. पहिल्याच सोमवारी मी तुम्हा तिघांना जाळीपाशी उभं करून सांगितलं होतं की पांढऱ्यांना वरून काहीही द्यायचं नाही. तिघांनीही हो म्हणलं. आजींनी तर गळ्याला हात लावून शपथ घेतली. फक्त जाताना एवढं म्हणाल्या, एका पंगतीला बसवून याला वाढायचं आन त्याला न्हाई, कसलं गं तुमचं शिक्षान. मी हसले. तो वही बंद करून विचार करायचा क्षण होता आणि मी बस चुकेल म्हणून पळत सुटले.

बारा आठवडे झाले. जूनमध्ये बेरजा केल्या. लाल दोऱ्याची करडं सरासरी पाच किलो शंभर ग्रॅमनं वाढली. पांढऱ्या दोऱ्याची, ज्यांना काहीही मिळालेलं नाही, ती पाच किलो आठशेनं. मी बेरीज चार वेळा केली. काटा तपासला, दगड टांगून बघितला, मग दुसरा दगड टांगला. काटा बरोबर होता. शेवगा खाऊन करडू न खाणाऱ्यापेक्षा मागं पडतं, हे जगात आजपर्यंत कुणी म्हणलेलं नव्हतं, आणि ते म्हणायची पाळी माझ्यावर आली होती.

सरांना वाटलं आपण सोन्याची खाण उकरली. अनपेक्षित निष्कर्ष हाच खरा निष्कर्ष, असं म्हणून त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली, जी ते कुणालाही देत नाहीत. शुक्रवारी अकरा तारखेला प्रबंध दाखल करायचा ठरलं. आणि तुला माहीतच आहे, पुण्याला माझी पीएच.डी.ची जागा लागलीय, अट एकच, एकतीस जुलैच्या आत एम.एस्सी. पूर्ण पाहिजे. म्हणजे सगळं जागच्या जागी बसत होतं. मी गप्प बसले असते तर आज बॅग भरत असते. पण मला सारखा काकांचा बांध दिसायला लागला. त्यांनी माझ्या भरवशावर चाळीस शेवगे लावलेत. उद्या माझा प्रबंध वाचून कुणी कृषी मेळाव्यात सांगितलं की शेवगा करडांना बाधतो, आणि लोकांनी आपापल्या बांधावर कुऱ्हाड चालवली, तर? म्हणून मागच्या गुरुवारी, सोमवार नसताना, न कळवता मी पेडगावला आले. तुम्हाला वाटलं भेटायला आले. वाटलं असेल तर वाटू दे.

त्या दिवशी काय बघितलं ते आता नीट ऐक, कारण तुम्हा तिघांपैकी कुणीच ते पूर्ण बघितलेलं नाही. प्रयोग संपून तीन आठवडे झाले होते, जाळी काढलेली होती, वीसच्या वीस करडं एकत्र होती, दोरे तेवढे गळ्यात राहिले होते. बारा वाजले. पांढऱ्या दोऱ्याची दहाच्या दहा करडं कळपातून उठली आणि कुणी हाकलं नाही की बोलावलं नाही, जाऊन आजींच्या खोलीच्या उंबऱ्याशी ओळीनं उभी राहिली. एक लाल त्यांच्यात नव्हतं. आजी बाहेर आल्या, पदराखालून भाकरीचा काला काढला, गूळ लावलेला, आणि दहा घास दहा तोंडांत. मला बघून म्हणाल्या, "म्या माझ्या ताटातलं देते. तुझ्या शेवग्याला बोट बी लावलं न्हाई." मी पाणी पिऊन बाजेवर पडले. तीनच्या सुमाराला तीच दहा उठून काकांच्या लिंबाखाली गेली. काकांनी खिशातून सरकीची ढेप काढली. काकांचं म्हणणं असं की रस्त्यानं जाणारे येणारे विचारायचे, पांढऱ्या दोऱ्यावाली आजारी हायती का, लय वाळली. आणि तीस वर्षं शेळ्या राखलेल्या माणसानं असं ऐकून घ्यायचं का? आजी काय देतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आजींना काकांचं ठाऊक नव्हतं.

आणि दिवस कलताना ती दहा चुलीच्या मागच्या दाराशी आली. मावशी, मला अजून वाटत होतं की तिथून ती नुसतीच परत जातील. तू पाला काढून उरलेल्या शेवग्याच्या कोवळ्या काड्यांची पेंढी घेऊन बाहेर आलीस, मला बघितलंस, आणि पेंढी मागं लपवलीस. एवढी मोठी पेंढी आणि तू एवढीशी, ती दोन्ही बाजूंनी दिसत होती. मग तू मला माझंच शास्त्र ऐकवलंस: तुझ्या कागदावर पाला लिव्हलाय, काड्या कुठं लिव्हल्यात? या घरात माझा प्रश्न नीट कळलेलं एकच माणूस होतं आणि त्यानं त्यातली फट बरोबर शोधली. पहिल्या सोमवारी आजी जे पंगतीचं बोलल्या ते तिघांच्याही मनात बसलं होतं. फक्त प्रत्येकाला वाटत होतं की पाप आपण एकटेच धुतोय, आणि एका मुठीनं काय होतंय. तीन मुठी, रोज, बारा आठवडे. पांढरी पुढं गेली नसती तरच नवल. मी त्या दिवशी ओरडले ते सगळ्या गावानं ऐकलं, त्याबद्दल माफ कर. जेवले नाही त्याबद्दल मात्र माफी मागत नाही, राग खरा होता.

परवा सोमवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चहा मागवला आणि प्यायले नाहीत. मग म्हणाले, चौदा चल लिहिलेस, त्यात कुत्रं आहे. घरातली माणसं कोणत्या रकान्यात आहेत? माझ्याकडं रकानाच नव्हता. मावशी, मी तुमच्याच घरात वाढले. सणाला बैलाला पुरणपोळी आणि दाराशी आलेल्या कुत्र्याला हाकलायच्या आधी तुकडा टाकायचा, हे बघत वाढले. आणि यादी करताना मला सावली आठवली, जंताचं औषध आठवलं, तुम्ही आठवला नाहीत. मग मला वाटलं की प्रश्नच बदलू. शेवगा राहू दे, माणसं उपाशी गटाला चोरून का खाऊ घालतात हाच प्रश्न ठेवू, उत्तर तर हातातच आहे. सर म्हणाले, निकाल लागल्यावर पेपर काढायचा नसतो. प्रश्न चांगला आहे, पण तो पुढच्या वेळेचा. या आकड्यांना तो आधी विचारलेला नव्हता. त्यांचं बरोबर आहे. बरोबर असण्याचा त्यांना कंटाळा कसा येत नाही, हे एक मला कळत नाही.

तर शुक्रवारी काही दाखल होणार नाही. पुण्याला काल कळवलं की यंदा येत नाही. त्यांनी दोन ओळींत ठीक आहे म्हणून लिहिलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला दोन ओळी. मी रडले नाही, फक्त मेसमध्ये गेले नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तू सांग, तुझ्यावर ती कमी ओरडेल, किंवा निदान जिथं ओरडायचं तिथं ओरडेल.

आजींना औषध वेळेवर दे. काकांना सांग, शेवगे तोडू नका, शेवग्याचा काही गुन्हा नाही. आणि सगळ्या करडांना माझ्याकडून गोंजार, दोरा न बघता.

तुझी भाची (थकलेली, पण तुझीच),
दीपिका

ता. क. १: सोबत एक कागद जोडलाय. त्यावर लिहिलंय की आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी प्रयोगाच्या काळात पांढऱ्या दोऱ्याच्या करडांना संशोधनात न ठरलेला खुराक दिला. काय दिला, रोज किती दिला, कधीपासून दिला. सरांनी मागितलाय. फेकून द्यायचे आकडे का फेकले हे फाइलीत राहिलं पाहिजे, म्हणजे उद्या कुणी ते उचलून वापरणार नाही. रकाने भरा आणि खरं भरा. आजींचा अंगठा चालेल. कुणाला यात शिक्षा नाही, हे काकांना दोनदा सांग.

ता. क. २: खरं काम हे आहे. आता ज्या शेळ्या गाभण आहेत त्यांची करडं चार महिन्यांची झाली की मला परत वीस पाहिजेत. दुसरीकडं कुणाची घेऊ? तुमच्याएवढी निगा कुणी राखत नाही, तेच तर दुखणं आहे. या वेळी पांढऱ्या दोऱ्याची दहा ओढ्यापलीकडं बिरदेवकाकांच्या आखाड्यावर बांधू, चरायचं रान तेवढं एकच ठेवू, म्हणजे एकमेकांचं खाणं एकमेकांना दिसणार नाही आणि पंगत एक धरली जाणार नाही. आजींना विचारून बघ, ओढा मधे असला तर पाप लागतं का. त्यांनी लागतं म्हणलं तर मला आधी कळव. मी पंधरावा रकाना करीन आणि त्यात आजींचं नाव लिहीन.

ता. क. ३: कागदावर सह्यांच्या रेघा चार आहेत. तू मोजशील म्हणून सांगते, छापताना चूक झालेली नाही. दर सोमवारी वजनं झाल्यावर तुम्ही चहा ठेवायला गेलात की मी पांढऱ्यांना बिस्किटं देत होते. पहिल्या सोमवारी एकाच करडाला दिलं होतं, काट्याला लटकून ते माझ्याकडं बघत होतं म्हणून. मग उरलेली नऊ बघायला लागली. सरांना मी तीनच नावं सांगितलीत. तुम्ही तिघं आधी सह्या करून कागद लवकर पाठव मावशी, म्हणजे चौथी करताना मला मागं फिरायला जागा राहणार नाही.